आधी वायर, मग कनेक्टर: विमान आणि अंतराळयानांसाठी टिकाऊ जोडण्या कशा डिझाइन कराव्यात

२३ जुलै १९९९ रोजी 'कोलंबिया' यान एसटीएस-९३ मोहिमेवर निघालं आणि उड्डाणानंतर पाचव्याच सेकंदाला एका वीजवाहिनीत शॉर्ट झाला. तीनपैकी दोन मुख्य इंजिनांचा एकेक नियंत्रक बंद पडला. प्रत्येक इंजिनाला दुसरा नियंत्रक होता, म्हणून मोहीम निभावली. तपासात निघालं ते असं: सामानकक्षातल्या वायर-ट्रेमध्ये एका स्क्रूच्या डोक्यावर बारीक बर (धातूची धारदार उरलेली कड) राहिली होती आणि तिच्यावर घासून वायरचं इन्सुलेशन उघडं पडलं होतं. वायरच्या जातीत खोट नव्हती आणि कनेक्टरमध्येही नव्हती. खोट होती ती वायर जिथून जात होती त्या जागेत.

या क्षेत्रातले बिघाड बहुतेक वेळा असेच निघतात. कॅटलॉगमधला भाग क्वचितच दगा देतो. दगा देतो तो दोन भागांचा सांधा. वायर जिथे पिनमध्ये शिरते, शिल्ड (वायरींभोवतीची धातूची जाळी) जिथे कनेक्टरच्या कवचाला भेटते, केबल जिथे क्लॅम्पमधून बाहेर पडते, त्या शेवटच्या वीतभर लांबीत खरं डिझाइन असतं. म्हणून कॅटलॉग उघडून दणकट दिसणारा कनेक्टर निवडायचा आणि मग त्यात बसेल ती वायर शोधायची, हा क्रम उलटा आहे. जागेपासून सुरुवात करायची, मग वायर, आणि कनेक्टर त्यानंतर.

पायरी १: जागेची कुंडली मांडा

हार्नेसचा (वायरी आणि कनेक्टर यांच्या बांधलेल्या जुडग्याचा) प्रत्येक तुकडा कुठून कुठे जातो ते लिहा आणि वाटेवरची प्रत्येक जागा वेगळी धरा. 'विमानासाठी' किंवा 'उपग्रहासाठी' असं मोघम लिहून भागत नाही. एकाच विमानात केबिनमध्ये माणसाला मानवेल असं हवामान असतं, चाकांच्या कप्प्यात पाणी, हायड्रॉलिक तेल आणि उडणारे खडे असतात, आणि इंजिनाच्या तप्त भागाजवळ तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. चंद्राच्या विषुववृत्तावर दिवसा पृष्ठभाग १२० अंशांच्या आसपास तापतो आणि रात्री उणे १३० च्याही खाली जातो.

टोकाचं उदाहरण २०१८ साली निघालेल्या 'पार्कर सोलर प्रोब'चं. त्यातला सौरवारा मोजणारा कप उष्णताढालीच्या बाहेर डोकावतो. तिथे नेहमीची केबल वितळून गेली असती, म्हणून तारा नायोबियम धातूच्या केल्या आणि त्या नीलम स्फटिकाच्या नळ्यांमधून नेल्या. तुमच्या प्रकल्पावर अशी वेळ येण्याची शक्यता कमी, पण विचाराचा क्रम तोच: आधी जागा, मग पदार्थ.

प्रत्येक जागेसमोर किमान आणि कमाल तापमान, हवेचा दाब, कंपन, कोणते द्रव उडतात, किरणोत्सर्ग किती, हे लिहा. आणि एक रकाना हमखास विसरला जातो, तो म्हणजे ही जोडणी एकूण किती वेळा लावली-काढली जाणार. उपग्रहावरचा कनेक्टर कक्षेत गेल्यावर एकदाही निघत नाही. त्याची सगळी झीज जमिनीवर, चाचण्यांच्या काळात होते. ज्या कनेक्टरवर चाचणीची केबल पुन्हा पुन्हा लागणार आहे त्याच्यावर पहिल्या दिवसापासून कनेक्टर सेव्हर (मध्ये बसणारा, बदलता येणारा जोड) चढवा. म्हणजे झिजेल तो सेव्हर.

प्रक्षेपणस्थळ समुद्राकाठी असेल तर खारी हवाही कुंडलीत येते, मग यान पुढे निर्वातात जाणार असलं तरी.

पायरी २: वायरची जाडी आकड्यांनी ठरवा

एक उदाहरण पूर्ण सोडवू. २८ व्होल्ट डीसीवर चालणारं, ३ अँपिअर घेणारं उपकरण ८ मीटर अंतरावर आहे. परतीची वायर धरून मार्ग झाला १६ मीटर. विमानांच्या प्रचलित नियमांनुसार २८ व्होल्टच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या भारासाठी वायरवर १ व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही.

२२ एडब्ल्यूजीच्या (वायरच्या जाडीचं अमेरिकन माप, आकडा जितका लहान तितकी वायर जाड) तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०५३ ओहम. १६ मीटरला ०.८५ ओहम, म्हणजे ३ अँपिअरला अडीच व्होल्ट घट. बाद. २० एडब्ल्यूजीला १.६ व्होल्ट, तीही बाद. १८ एडब्ल्यूजीला बरोबर १ व्होल्टच्या काठावर, आणि बरेच जण इथे थांबतात. पण हे आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वायर १०० अंशांवर गेली की रोध ३१ टक्क्यांनी वाढलेला असतो आणि घट १.३ व्होल्ट होते. म्हणून १६ एडब्ल्यूजी: थंड असताना ०.६३, तापल्यावर सुमारे ०.८३ व्होल्ट. ही चालेल.

आता याचा परिणाम बघा. २२ एडब्ल्यूजी गृहीत धरून तुम्ही २२डी आकाराच्या बारीक पिनांचा कनेक्टर निवडला असता. १६ एडब्ल्यूजीला १६ आकाराची पिन लागते. पिन मोठी झाली की आतली मांडणी बदलते, कवच मोठं होतं, आणि भिंतीत पाडायचं भोकही मोठं होतं. हे भोक पाडून झाल्यावर कळलं तर काय होतं, ते यांत्रिकी विभागातल्या कुणालाही विचारा.

धातूच्या सांगाड्याच्या विमानात परतीचा मार्ग सांगाड्यातून घेतला तर घट जवळजवळ अर्धी होते. कार्बन फायबरच्या सांगाड्यात ही सोय नसते.

घट सांभाळली तरी उष्णता उरतेच. कॅटलॉगमधला वायरचा प्रवाह बहुधा मोकळ्या हवेतल्या एकट्या वायरचा असतो. जुडग्यात मधली वायर शेजाऱ्यांच्या उष्णतेत शिजते. उंचावर हवा विरळ म्हणून ती आणखी कमी थंड होते. निर्वातात तर हवेनं थंड होणं संपतंच, उरतं ते वहन आणि प्रारण. विमानांसाठी एएस५०८८१ या मानकात जुडग्यामुळे आणि उंचीमुळे प्रवाहात करायची कपात दाखवणारे आलेख आहेत, युरोपीय अंतराळ प्रकल्पांत ईसीएसएस या मानकांमधले कपातीचे नियम लागतात. जुडग्याची आणि उंचीची अशा दोन्ही कपाती एकामागून एक लावायच्या असतात. त्यांतली एकच लावून मोकळं होणं ही नेहमीची चूक.

पायरी ३: इन्सुलेशन आणि वायरवरचा मुलामा

तांब्यावरच्या मुलाम्यावरून तापमानाची मर्यादा ठरते: कथील १५० अंशांपर्यंत, चांदी २००, निकेल २६०. निकेल मुलाम्याची वायर कडक असते आणि क्रिम्पिंगला (वायर पिनेच्या नळीत दाबून पक्की करण्याला) वेगळी काळजी मागते, म्हणून गरज नसेल तिथे तिच्या वाट्याला जाऊ नये. चांदीच्या मुलाम्याला वेगळा रोग आहे. मुलामा कुठे पातळ किंवा ओरखडलेला असेल आणि ओलावा मिळाला, तर खालचं तांबं लाल भुकटीसारखं गंजत जातं, तेही इन्सुलेशनच्या आत, डोळ्यांआड. इंग्रजीत त्याला 'रेड प्लेग' म्हणतात. उपाय साधे आहेत: चांदीचा थर पुरेसा जाड मागवा (युरोपीय अंतराळ मानक २ मायक्रॉन मागतं), रिळांची तोंडं बंद ठेवा, साठवण कोरडी ठेवा.

इन्सुलेशनमध्ये सर्वगुणसंपन्न असं काही नाही. पीटीएफई (टेफ्लॉन) उष्णता आणि रसायनं छान सोसतं, पण सतत दाब पडला की हळूहळू वाहतं. घट्ट बांधलेल्या गाठीखाली किंवा धारदार कडेवर काही महिन्यांत ते बाजूला सरकून तांबं उघडं पडू शकतं. किरणोत्सर्गापुढेही ते फार लवकर ठिसूळ होतं. ईटीएफई (त्याच कुळातलं प्लास्टिक), त्यातही क्रॉसलिंक केलेलं (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेलं), घासण्याला आणि किरणोत्सर्गाला बरंच चांगलं. पॉलिइमाइड हे प्लास्टिक हलकं, पातळ, चिवट आणि किरणोत्सर्गाला भक्कम, म्हणून एके काळी ते सर्रास वापरलं गेलं. पण त्याला तडा गेला आणि ओलावा शिरला की ठिणगीनं त्याचा पृष्ठभाग कोळसा होतो, कोळसा वीज वाहतो, आणि ठिणगी वायरीवरून चालत शेजारच्या वायरींना कवेत घेते. यालाच आर्क ट्रॅकिंग म्हणतात. शिवाय पृथ्वीच्या निम्न कक्षेत उघडं पॉलिइमाइड अणुरूप ऑक्सिजन खरवडून काढतो, तिथे त्याच्यावर काचतंतूचं कापड किंवा धातूची वेणी चढवावी लागते.

विमानांत आज बहुधा मधला मार्ग घेतला जातो: आत पॉलिइमाइडची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना पीटीएफईचा थर. त्यात आर्क ट्रॅकिंग बरंच आटोक्यात येतं आणि वजनही कमी राहतं. खास कारण नसेल तर विमानासाठी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

यान निर्वातात जाणार असेल तर इन्सुलेशन, स्लीव्ह, टेप, बांधायची दोरी, चिकटद्रव्य, अगदी लेबलसुद्धा एएसटीएम ई५९५ चाचणीतून गेलेलं हवं. त्या चाचणीत नमुना निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवतात. एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि थंड पट्टीवर जमा होणारं द्रव्य ०.१ टक्क्याच्या आत, ही रूढ मर्यादा. केबलमधून उडालेली वाफ शेवटी जाऊन बसते ती कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा सौरपट्टीवर.

पायरी ४: आता कनेक्टर

विमान, क्षेपणास्त्र, प्रक्षेपक, सगळीकडे आढळणारं गोल कनेक्टरचं कुटुंब म्हणजे एमआयएल-डीटीएल-३८९९९, त्यातही मालिका ३. त्याचे आटे तीन सुरुवातींचे, त्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात जोडणी पक्की होते. आतली रॅचेट (उलटं फिरणं अडवणारे दाते) कंपनानं नट सैल होऊ देत नाही. कवच इतकं पुढे आलेलं असतं की तिरका घुसवला तरी समोरच्या कवचाची कड पिनांना लागत नाही. उपकरण छोटं आणि आत बंदिस्त असेल तर मायक्रो-डी हा चिमुकला कनेक्टर, रॅकमध्ये सरकवायचं असेल तर आयताकृती. पण बाहेरच्या, मार खाणाऱ्या जागेसाठी ३८९९९ सोडून दुसरं काही घ्यायचं तर तसं कारण हवं.

कवचावरचा मुलामा निवडताना जागेची कुंडली पुन्हा उघडा. ऑलिव्ह रंगाचा कॅडमियम मुलामा मिठाच्या फवाऱ्यात ५०० तास टिकतो, १७५ अंशांपर्यंत चालतो. निकेल २०० अंशांपर्यंत चालतं, पण मिठाच्या फवाऱ्यात ४८ तासांचंच. मग सगळीकडे कॅडमियम का नाही? कारण निर्वातात, जरा तापलं की, कॅडमियम आणि जस्त दोन्ही थेट वाफ होऊन उडतात आणि थंड पृष्ठभागांवर धातूचा थर बनून बसतात. अंतराळात जाणाऱ्या यानावर दोन्ही वर्ज्य. शुद्ध कथीलही वर्ज्य: त्याला केसासारखे धातूचे तंतू फुटतात आणि ते शॉर्ट करतात. १९९८ साली 'गॅलेक्सी ४' हा दळणवळण उपग्रह निकामी झाला, त्याचं कारण असेच तंतू असल्याचं मानलं जातं. कथिलात किमान ३ टक्के शिसं असेल तर हा धोका आटोक्यात राहतो, म्हणून अंतराळ प्रकल्प आजही शिसं आग्रहानं मागतात. कार्बन फायबरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचं कवच बसवायचं असेल तर दोहोंच्या मध्ये काय येणार ते ठरवा. ओलावा आला की तिथे विद्युत-रासायनिक गंज ठरलेला.

पिनांवर निकेलच्या थरावर सुमारे १.२७ मायक्रॉन सोनं, हा रूढ आकडा. खालचं निकेल काढून पैसे वाचवू नका. ते नसेल तर तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं.

आणखी एक गैरसमज. कनेक्टरचं '२०० अंश' म्हणजे भोवतालचं तापमान नव्हे. प्रवाहामुळे पिन स्वतः तापते ती वाढही त्या २०० मध्येच मोजायची.

पायरी ५: कोणती पिन कुठे

हे काम घाईत एखाद्या तक्त्यात उरकलं जातं. उरकू नये.

जिवंत बाजूला सॉकेट, मृत बाजूला पिन. म्हणजे जोडणी उघडी असताना उघड्या पिनेत वीज नसते. वाकलेली पिन शेजारच्या कोणकोणत्या पिनांना लागू शकते याची यादी करा आणि त्यातल्या एकाही जोडीनं अनर्थ होणार नाही अशी मांडणी ठेवा. २८ व्होल्टची पिन आणि स्फोटक यंत्रणेची आज्ञा शेजारी नको. स्फोटकांच्या वाहिन्यांना तर वेगळाच कनेक्टर द्या. मुख्य आणि पर्यायी वाहिनी एकाच कनेक्टरमधून नेली तर पर्याय कागदावरच उरतो.

सारखे दिसणारे दोन कनेक्टर जवळजवळ असतील तर कधी ना कधी त्यांची अदलाबदल होणार, असं धरूनच चाला. नोव्हेंबर २०२० मध्ये 'वेगा' प्रक्षेपकाचं व्हीव्ही१७ उड्डाण वरच्या टप्प्यात भरकटलं आणि दोन उपग्रह गेले. नोझल वळवणाऱ्या यंत्रणेच्या केबल उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. अशा जागी लेबलवर विसंबू नका. ३८९९९ मध्ये खाचांच्या सहा स्थिती मिळतात, त्या वापरा. नाहीतर कवचाचे आकार वेगळे घ्या. नाहीतर केबलची लांबीच अशी ठेवा की चुकीच्या जागी ती पोचणारच नाही. तिन्ही केलं तर उत्तम.

उच्च व्होल्टेजसाठी उंचीचा हिशेब वेगळा. हवा विरळ झाली की तिची वीज रोखण्याची ताकद घटते. ३८९९९ च्या एम या व्होल्टेज-श्रेणीची चाचणी समुद्रसपाटीला १३०० व्होल्टवर होते, ५०,००० फुटांवर फक्त ५५० व्होल्टवर. पण ही घसरण कायम चालत नाही. पाशेनच्या नियमानुसार हवेत सुमारे ३२७ व्होल्ट हा तळ आहे. त्याखाली साध्या फटीत ठिणगी पडत नाही. १ मिलिमीटर फटीला हा तळ गाठणारा दाब ३३ किलोमीटर उंचीच्या आसपास मिळतो, १ सेंटिमीटर फटीला ५० किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे निर्वात पुन्हा उत्तम रोधक होतं. प्रक्षेपकावरचं प्रत्येक यान हा धोक्याचा पट्टा ओलांडतं, म्हणून उच्च व्होल्टेजची उपकरणं तोवर बंद ठेवतात.

जुन्या ११५ व्होल्ट एसी प्रणालीत दोन फेजमधलं शिखर २८३ व्होल्ट भरतं, म्हणजे तळाच्या खाली. बोईंग ७८७ वर जनित्रं २३५ व्होल्टची आहेत. एका फेजचं शिखर ३३२, दोन फेजमधलं ५७६. जुन्या विमानासाठी घासूनपुसून तयार केलेली पिनांची मांडणी डोळे मिटून इथे उचलता येत नाही, ती यासाठी.

पायरी ६: क्रिम्प

सगळ्या हार्नेसमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा सांधा. सोल्डर नको, कंपनात सोल्डरची कड जिथे संपते तिथेच वायर तुटते. क्रिम्पमध्ये तारेचे पदर आणि पिनेची नळी इतक्या जोरानं दाबली जातात की मध्ये हवेलाही जागा उरत नाही.

कृती अशी. वायर तिच्या मापाच्याच साच्यानं किंवा उष्ण स्ट्रिपरनं सोला. एकही पदर तुटलेला, खरचटलेला नको. सोललेली टोकं बोटांनी पिळू नका, मूळ पीळ आहे तसाच ठेवा. टोकाला कथील लावू नका. ते पुढे सरकतं आणि क्रिम्प सैल पडतो. वायर पिनेच्या नळीत पूर्ण आत जाईपर्यंत ढकला. नळीला एक बारीक तपासणी-भोक असतं, त्यातून पदर दिसलेच पाहिजेत. इन्सुलेशनची कड आणि नळीचं तोंड यांत साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर फट ठेवा. फट अजिबात नसेल तर इन्सुलेशन नळीत शिरून चिरडल्याची शंका, जास्त असेल तर उघडी तार वाकून तुटायची भीती. मग पिनेच्या आकाराचा पोझिशनर (पिन जागेवर धरणारा भाग) आणि वायरच्या जाडीचा आकडा लावून क्रिम्पचं हत्यार एका दमात दाबा. रॅचेट पूर्ण झाल्याशिवाय ते सुटतच नाही.

हत्यार दर पाळीच्या सुरुवातीला गेजवर तपासा आणि त्याच वायर-पिनेचे नमुने क्रिम्प करून ओढून तोडा. किती जोरात तुटलं एवढंच पाहू नका, कुठे तुटलं ते बघा. तार सरकून सबंध बाहेर आली तर दाब कमी पडला. नळीच्या तोंडाशी कमी जोरात कापल्यासारखी तुटली तर दाब जास्त झाला. वायर नळीपासून दूर तुटली तर क्रिम्प वायरपेक्षा भक्कम आहे, आणि तेच हवं.

पिन मागून आत घालताना अडकपट्टीचा हलका टक्‌ आवाज येतो. त्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक वायर हलकेच मागे ओढून पिन धरली गेली आहे ना ते बघा. मागचा रबरी ग्रॉमेट वायरला आवळून पाणी अडवतो, पण त्यासाठी वायरचा बाहेरचा व्यास त्याच्या पट्ट्यात हवा: २२डी साठी ०.७६ ते १.३७ मिलिमीटर. अतिपातळ इन्सुलेशनची वायर वजन वाचवण्यासाठी निवडली की हा पट्टा चुकतो आणि पाणी आत येतं. मोकळ्या भोकांत सीलिंग प्लग घाला. आणि ग्रॉमेटमधून बाहेर पडलेली वायर थोडं अंतर सरळ जाऊ द्या. तिथेच वळवली तर ती ग्रॉमेटची कड बाजूला ओढून फट पाडते, आणि हे बाहेरून दिसत नाही.

पायरी ७: शिल्ड आणि बॅकशेल

शिल्ड कितीही दाट वेणीची घ्या, ती कवचाला कशी जोडली आहे यावर सगळं आहे. सोय म्हणून वेणी गोळा करून तिला एक शेपटी-वायर लावतात आणि ती एखाद्या पिनेत घालतात. हिशेब करा: वायरचं प्रेरकत्व सेंटिमीटरला सुमारे १० नॅनोहेन्री. ५ सेंटिमीटरच्या शेपटीचं ५० नॅनोहेन्री. १०० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ३१ ओहम. ज्या सांध्याचा रोध मिलिओहममध्ये हवा तिथे ३१ ओहम! रेडिओ प्रसारण किंवा विजेच्या आघाताची ऊर्जा अशा शिल्डवरून वाट न मिळाल्यानं आतल्या वायरींत उतरते. ४०० हर्ट्झला मात्र हीच शेपटी निरुपद्रवी, म्हणून प्रयोगशाळेत सगळं ठीक दिसतं.

बाहेरची वेणी बॅकशेलवर (कनेक्टरच्या मागच्या धातूच्या टोपणावर) चहूबाजूंनी, पूर्ण ३६० अंशांत, स्टीलच्या पट्ट्यानं आवळा. बॅकशेल-कनेक्टर, कनेक्टर-भिंत, भिंत-सांगाडा हे सगळे सांधे धातूला धातू लागून हवेत, मध्ये रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर नको. उपकरण ते सांगाडा २.५ मिलिओहमच्या आत हा रूढ निकष. वेगवान संकेत आणि विजेचा आघात यांसाठी शिल्ड दोन्ही टोकांना जोडायची. मंद, क्षीण ॲनालॉग संकेतांच्या आतल्या शिल्डला एकच टोक पुरतं, पण तिच्याही बाहेरची वेणी दोन्हीकडे जोडलेली हवी. कार्बन फायबरची विमानं ॲल्युमिनियमइतकं संरक्षण देत नाहीत, तिथे या वेणीवरचा भार वाढतो.

बॅकशेल सैल होणं ही सेवेतल्या विमानांतली नित्याची तक्रार. दातेरी जुळणी असलेला घ्या, नेमून दिलेल्या टॉर्कनं आवळा आणि वर रंगाची खूण-रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की तो सैल झाला हे लांबूनही कळतं. निर्वातात जाणार असेल तर बॅकशेलला हवा सुटायला वाट ठेवा. आत कोंडलेली हवा आठवडाभर झिरपत राहिली तर शेजारच्या उच्च व्होल्टेजच्या उपकरणाभोवती तोच धोक्याचा दाब तयार होऊ शकतो.

पायरी ८: वाट आखा

वळणाची त्रिज्या जुडग्यातल्या सर्वांत जाड वायरच्या किंवा केबलच्या व्यासाच्या किमान १० पट. दोन्ही बाजूंनी नीट आधार असेल तर ३ पटींपर्यंत सवलत मिळते, समाक्ष (कोॲक्सियल) केबलला नाही. आधार जास्तीत जास्त ६० सेंटिमीटरवर. दोन आधारांच्या मध्ये हातानं दाबलं तर जुडगं सुमारे १३ मिलिमीटरच्या आत खाली जावं: जास्त ढिलं असेल तर आपटतं, ताठ असेल तर थंडीत आकसून क्रिम्पवर ओढ येते. कनेक्टरच्या आधी केबल जराशी खाली लोंबू द्या, म्हणजे थेंब तिथून गळेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. इंधनाच्या नळीशेजारून जायचंच असेल तर वायर नळीच्या वर, खाली कधीच नाही.

पहिला क्लॅम्प बॅकशेलच्या जवळ लावा आणि तोही कनेक्टर ज्या भागावर आहे त्याच भागावर. उपकरण रबरी पायांवर डुलत असेल आणि क्लॅम्प सांगाड्यावर असेल, तर प्रत्येक डुलण्यातला फरक त्या वीतभर केबलला सोसावा लागतो. पिना एकमेकींवर सूक्ष्म घासत राहतात, सोनं झिजतं, रोध चढतो.

हे सगळं त्रिमितीय आराखड्यात करायचं, पण त्या आराखड्यावर सगळ्यांचं एकमत असेल तरच. २००६ मध्ये एअरबस ए३८० चं उत्पादन रखडलं तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांत एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या चालू होत्या आणि तयार हार्नेस विमानात बसत नव्हते. आराखड्यानंतर एकदा खऱ्या मापाच्या लाकडी किंवा छापलेल्या नमुन्यावर दोरी टाकून बघा. आणि कनेक्टरभोवती हातमोजा घातलेली बोटं फिरतात का तेही बघा. जो नट फिरवता येत नाही तो अर्धाच आवळला जातो.

पायरी ९: चाचणी

कनेक्टर प्रमाणित आहे म्हणून हार्नेस प्रमाणित होत नाही. आधी सातत्य (वाहिनी कुठे तुटलेली नाही ना), मग इन्सुलेशनचा रोध, मग उच्च व्होल्टेज. नंतर तापमानाची चक्रं आणि कंपन. आणि शेवटी पहिल्या तिन्ही पुन्हा. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवा. मर्यादेत असूनही घसरलेला आकडा बऱ्याचदा मर्यादेबाहेरच्या आकड्याइतकंच सांगतो.

कंपनाच्या टेबलावर हार्नेस खऱ्या यानातल्याच क्लॅम्पनी बांधा, आणि कंपन चालू असताना प्रत्येक वाहिनीतून प्रवाह सोडून १ मायक्रोसेकंदाची तूटही पकडणारं यंत्र लावा. साधा मल्टिमीटर अशा तुटी पाहूच शकत नाही. उंचावर उच्च व्होल्टेज चालू ठेवायचं असेल तर निर्वात कक्षातून हवा उपसली जात असतानाच वीज चालू ठेवून धोक्याच्या दाबाचा पट्टा ओलांडून बघा. नुसत्या पूर्ण निर्वातातली चाचणी याबद्दल काहीच सांगत नाही.

पॅनेल बंद करण्याआधीची तपासणी दोघांनी करावी, एकानं वाचत आणि दुसऱ्यानं हात लावत. ३८९९९ मालिका ३ च्या स्थिर अर्ध्या भागावर एक लाल पट्टी असते. जोडणी पूर्ण बसली की ती झाकली जाते. लालसर कड जराशी जरी दिसली तरी तो कनेक्टर उघडा, पिना भिंगानं बघा, पुन्हा जोडा. प्रत्येक जोडणीचा जवळून फोटो, त्यासोबत कनेक्टरचा क्रमांक आणि आजवर तो कितव्यांदा जोडला ते नोंदवा, आणि मगच पॅनेलचे स्क्रू लावा. स्क्रूच्या डोक्यांवरून एकदा बोट फिरवून बर राहिलेली नाही ना तेही बघा.